गाडी नवीन, कान जुने: ड्रायव्हिंग करताना काय ऐकायचं आणि ते लावायचं कसं

मी गाडी शिकले ती वयाच्या अडतिसाव्या वर्षी. त्यामुळे शिकणाऱ्याला काय काय छळतं ते मला अजून लख्ख आठवतं. क्लच, रिव्हर्स, चढावर गाडी मागे येणं, यावर सांगणारे हजार लोक भेटतात. पण गाडीत काय ऐकायचं, कधी ऐकायचं, आणि ते मेलं ब्लूटूथ जोडायचं कसं हे कोणी सांगत नाही. सगळे धरून चालतात की ते आपोआप येतं. मला नाही आलं. एकदा गोलचक्करमध्ये गाणं बदलायला गेले आणि हवी ती वाट सोडून त्याच चक्करला तीन प्रदक्षिणा घातल्या, मागचा हॉर्न वाजवतोय आणि मी "पुढचं गाणं" शोधतेय. तेव्हा ठरवलं की ऐकण्याचं सगळं काम गाडी हलायच्या आधीच उरकायचं. हा लेख म्हणजे त्या एका वाक्याचाच विस्तार आहे.

आधी हाताशी काय काय लागेल ते बघा:

- गाडीचं मॅन्युअल (हो तेच, डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत पडलेलं)
- एक छोटा पेनड्राइव्ह, बोटाच्या पेराएवढा; लांब असला तर गुडघा लागून तुटतो
- डेटा जाणारी यूएसबी केबल (याबद्दल खाली सांगते, इथेच निम्मे लोक फसतात)
- फोन ठेवायचा स्टँड
- घरी निवांत बसून एक तास

१. पहिले काही आठवडे काहीच लावू नका

सगळ्यात कंटाळवाणा सल्ला हाच आहे पण सगळ्यात कामाचाही हाच. नवीन माणूस गिअर कधी बदलायचा हे काट्याकडे बघून नाही तर इंजिनाच्या आवाजावरून शिकतो. गाडी गुरगुरायला लागली की वरचा गिअर, थरथरायला लागली की खालचा. गाणं लावलं की हे ऐकूच येत नाही. शिवाय इंडिकेटर बंद करायचा राहिलाय ती टिकटिक, मागच्या सेन्सरची पीपपीप, दार नीट लागलं नाही त्याची ठकठक, हे सगळं आधी कानाच्या ओळखीचं व्हायला हवं.

किती दिवस? आकडा नाही सांगत. गाडी चालवताना आपण गिअर बदलला हे आठवतच नाही अशी एक वेळ येते, तोपर्यंत.

२. गाडी उभी असताना बघून घ्या की तिच्यात काय काय चालतं

घराबाहेर गाडी उभी करा, हँडब्रेक लावा आणि म्युझिक सिस्टीमचं प्रत्येक बटण दाबून बघा. चार-पाच वाटा असतात, प्रत्येकीची खोड वेगळी.

रेडिओ ही सगळ्यात जुनी वाट. १९३० मध्ये अमेरिकेतल्या गॅल्विन कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ विकायला काढला, मोटोरोला हे नाव तिथूनच आलं, आणि तेव्हाही रेडिओमुळे ड्रायव्हरचं लक्ष उडेल म्हणून बंदीचे प्रस्ताव आलेच होते, म्हणजे आपली काळजी काही आजची नाही. एफएम बहुतेक ठिकाणी ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये असतं आणि त्याच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, म्हणून डोंगर मध्ये आला, बोगदा आला की खरखर. लांबच्या प्रवासात एक मजा होते, त्याच आकड्यावर पुढच्या भागातलं दुसरं स्टेशन असेल तर दोन्ही मिसळून नाही येत, ज्याचा जोर जास्त ते अचानक दुसऱ्याला गिळून टाकतं. गाणं चालू असताना मध्येच कोणीतरी बातम्या द्यायला लागतो, रेडिओ बिघडला समजू नका. आवडीची पाच-सहा स्टेशनं आधीच बटणांवर सेव्ह करून ठेवा, चालत्या गाडीत चकती फिरवत बसायचं नाही.

ऑक्स म्हणजे हेडफोनसारखी गोल पिन. सोपी आहे, पण फोन त्याच वेळी गाडीतच चार्जिंगला लावला की कधीकधी मागे एक "घूंऽऽ" आवाज येतो आणि ॲक्सिलेटर दाबला की तो चढतो. केबल बदलून, फोन बदलून मी वैतागले होते. चार्जर काढून बघा, आवाज गेला तर फोन, स्पीकर सगळं ठीक आहे, चार्जर आणि म्युझिक सिस्टीम यांच्या अर्थिंगमध्ये तो घोळ आहे. एकतर चार्जिंग न करता ऐका नाहीतर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मध्ये लावतात ती लावा.

जुन्या गाडीत ऑक्सही नसेल तर लायटरच्या खाचेत बसणारा एफएम ट्रान्समीटर असतो. त्याला रिकामी फ्रिक्वेन्सी द्यावी लागते, आणि गाव बदललं की ती रिकामी राहत नाही. लांब जायचं असेल तर दोन-तीन रिकाम्या फ्रिक्वेन्सी आधी शोधून ठेवा.

अॅपल कारप्ले (२०१४ पासून) आणि अँड्रॉइड ऑटो (२०१५ पासून) यात फोनचाच अवतार गाडीच्या स्क्रीनवर येतो. जोडल्यावर काहीच होत नसेल तर आधी केबल बदला! नुसत्या चार्जिंगच्या केबल मिळतात त्यात डेटाच्या तारा नसतातच, फोन चार्ज होतो म्हणून आपल्याला वाटतं केबल चांगली आहे. या एका गोष्टीसाठी मी गाडी दोनदा सर्व्हिसिंगला नेली, दोन्ही वेळा तिथल्या माणसाने सॉफ्टवेअर अपडेट करून परत दिली, आणि शेवटी भाच्याने स्वतःच्या खिशातली केबल लावून दाखवली. दोन मिनिटांचं काम.

३. पेनड्राइव्ह भरा, पण नीट

मला कोणी विचारलं की नवशिक्याने एकच गोष्ट करायची तर कोणती, तर पेनड्राइव्ह. त्याला नेटवर्क लागत नाही, फोन येत नाही, मेसेज येत नाही, जाहिरात येत नाही. लावला की वाजतो.

साधारण १२८ केबीपीएसची (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट; हा आकडा जितका मोठा तितकी फाईल जड) एमपीथ्री फाईल मिनिटाला जवळपास १ एमबी खाते. म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये पाचशे तासांहून जास्त ऐवज बसतो. पुरून उरेल. त्यामुळे मोठा पेनड्राइव्ह घेऊ नका, उलट त्याने एक त्रास वाढतो: बऱ्याच गाड्यांना फक्त फॅट३२ फॉरमॅट (पेनड्राइव्हवर फाईली मांडून ठेवायची एक पद्धत) वाचता येतो आणि मोठे पेनड्राइव्ह दुसऱ्याच फॉरमॅटमध्ये येतात. गाडी "नो फाईल" म्हणते आणि आपण गाणी परत परत कॉपी करत बसतो. कॉम्प्युटरवर फॉरमॅट करताना फॅट३२ निवडा (आधी आतलं सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या, फॉरमॅट केलं की सगळं पुसलं जातं), मग गाणी टाका.

आता खरी मेख. कथा किंवा कादंबरी ऐकत असाल तर धडे उलटसुलट वाजतात. मी पहिला धडा ऐकला, मग सातवा, मग तिसरा, मला वाटलं लेखकानेच काहीतरी नवीन प्रयोग केलाय. नंतर कळलं की काही म्युझिक सिस्टीम फाईलच्या नावाचा क्रम बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाईली पेनड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. उपाय असा:

- प्रत्येक फाईलच्या नावाआधी ००१, ००२, ००३ असे तीन आकडे टाका. नुसतं १, २, ३ टाकलंत तर १ नंतर १० येतो.
- सगळ्या फाईली एकदम ओढून न टाकता एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा.
- फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत अजून फोल्डर असं करू नका, काही गाड्या खोलवर शिरतच नाहीत.
- मॅकवरून कॉपी केलं असेल तर प्रत्येक गाण्यासोबत एक लपलेली बारकी फाईल येते, टिंब आणि खालच्या रेघेने सुरू होणारी. गाडी तिलाच गाणं समजते आणि अडते. त्या उडवा.

फोल्डर गायकाच्या नावाने करू नका, रस्त्याच्या नावाने करा. माझे चारच आहेत: "रोजचा", "लांबचा", "पाऊस-ट्रॅफिक" आणि "सगळे बरोबर". का ते पाचव्या पायरीत.

४. ब्लूटूथ: जोडणं सोपं, पण

गाडी उभी असताना पेअर करा, काही गाड्या चालू असताना करूच देत नाहीत आणि बरोबरच करतात. कॉल गाडीत येतोय पण गाणं मात्र फोनच्याच स्पीकरवर वाजतंय असं झालं तर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन गाडीच्या नावावर टॅप करा, तिथे कॉल आणि मीडिया यांची बटणं वेगवेगळी असतात, मीडियाचं बंद असेल.

मग त्रास नंबर दोन. गाडी सुरू केली की दर वेळी तेच एक गाणं वाजतं. फोन जोडला गेला की काही गाड्या आपणहून प्ले दाबतात आणि फोन बिचारा यादीतलं पहिलं, म्हणजे वर्णानुक्रमात पहिलं गाणं वाजवतो. जगभर लोक याला इतके कावले होते की २०१७ मध्ये एका पठ्ठ्याने जवळपास दहा मिनिटांची नुसती शांतता रेकॉर्ड करून, नावाच्या सुरुवातीला इंग्रजी ए ची रांग लावून, विकायला ठेवली आणि लोकांनी ती चक्क विकत घेतली! तुम्ही फुकटात करू शकता, फोनमध्ये शांततेची एक फाईल बनवून तिला यादीत पहिलं येईल असं नाव द्या. नाहीतर सरळ गाडीच्या किंवा फोनच्या सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद होतो का ते बघा.

घरात दोन फोन त्याच गाडीला जोडलेले असतील तर प्राधान्य कोणाला ते ठरवून ठेवा. आमच्याकडे एकदा हे घरात फोनवर बोलत होते आणि मी खाली गाडी सुरू केली, त्यांचा कॉल थेट माझ्या गाडीत आला. ते वर "हॅलो हॅलो" करतायत आणि मी खाली त्यांच्या ऑफिसमधल्या कोणाची तरी भली मोठी तक्रार ऐकतेय. मेसेज मोठ्याने वाचून दाखवायची सोय असते तीही सोबत माणसं असताना बंद ठेवा, कोणाचा कसला मेसेज येईल सांगता येत नाही.

भाड्याची किंवा मित्राची गाडी असेल तर उतरताना आपला फोन तिच्या यादीतून काढून टाका. पेअर करताना कॉन्टॅक्ट द्यायचे का असं विचारतात, आपण सवयीने "हो" दाबतो आणि आपले सगळे नंबर त्या गाडीत राहतात.

इंटरनेटवरून ऐकणाऱ्यांनी निघायच्या आधी घरच्या वायफायवर डाऊनलोड करून घ्या. डेटा फार जातो अशातला भाग नाही, १२८ केबीपीएसला तासाला साठेक एमबी. पण नेटवर्क गेलं की गाणं अडकतं, आणि गाणं अडकलं की आपला हात नकळत फोनकडे जातो. अपघात तिथे होतो.

५. आता मुख्य प्रश्न, ऐकायचं काय

तुम्ही एक गोष्ट केली असेलच: पत्ता शोधताना, घरांचे नंबर वाचताना आपण आवाज कमी करतो. डोळ्यांचं काम आणि आवाजाचा काय संबंध? पण लक्ष एकच असतं, ते वाटून घ्यावं लागतं. म्हणून काय ऐकायचं हे आपली आवड नाही, समोरचा रस्ता ठरवतो.

रोजचा, पाठ असलेला रस्ता: इथे काहीही चालतं. पॉडकास्ट, मुलाखती, भाषा शिकायचे धडे. फक्त वादविवाद आणि तावातावाच्या बातम्या मी सोडल्या. स्टुडिओत कोणीतरी कोणालातरी बोलू देत नाही आणि मी इथे समोरच्या स्कूटरवाल्यावर खेकसते, हे माझं मलाच लक्षात आलं.

मोकळा लांब हायवे: इथे कथा-कादंबऱ्यांसारखं सोबतीला काही नाही. पण उत्कंठा वाढवणारी गोष्ट जपून. मी एक रहस्यकथा ऐकत होते, खुनी कोण ते कळायला दोन पानं बाकी, आणि त्या नादात वळण चुकवून पुढे चौदा किलोमीटर गेले, वर तिथे यू-टर्नही नव्हता. तेव्हापासून वळण जवळ आलं की गोष्ट थांबवते, वळून झाल्यावर तीस सेकंद मागे नेऊन पुन्हा लावते. बहुतेक ॲपमध्ये मागे जायचं बटण असतं आणि स्टीअरिंगवरच्या "मागचं गाणं" बटणाला ते काम देताही येतं, सेटिंग शोधा. नाहीतर तेच बटण दाबल्यावर धडा पहिल्यापासून सुरू होतो, आणि मग चालत्या गाडीत शोधाशोध.

अनोळखी शहर, गर्दी, पाऊस, घाट: शब्द नकोत. नुसतं वाद्यसंगीत, तेही हळू, किंवा काहीच नाही. मॅपवरची बाई बोलत असते तेवढं पुरे, तिच्या "दोनशे मीटरवर डावीकडे" वर गाण्याचं कडवं आलं की दोन्ही जातात.

ठेक्याबद्दल थोडं. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठात वॉरेन ब्रॉडस्की यांनी सिम्युलेटरवर प्रयोग केले होते, जलद लयीच्या संगीतावर लोकांचा वेग वाढला आणि लाल सिग्नल तोडणं, लेन सोडणं असल्या चुकाही वाढल्या. याचा अर्थ नाचाची गाणी लावूच नका असा नाही. पण ती लावलीत तर काट्याकडे जरा जास्त वेळा बघा, पाय आपोआप ठेका धरतो आणि आपला उजवा पाय ॲक्सिलेटरवर असतो.

आणि नवीन गाणी गाडीत पहिल्यांदा ऐकू नका. ओळखीचं गाणं डोक्याला काही मागत नाही, ते नुसतं असतं. नवीन गाण्याचे शब्द पकडायला आपण कान टवकारतो. तसंच खूप आवडतं, गळा काढून म्हणायचं गाणं. मोकळ्या रस्त्यावर खुशाल म्हणा, चौकात नको.

६. आवाज किती

गाडी उभी असताना लावलेला आवाज हायवेवर कमी वाटतो कारण टायर आणि वाऱ्याचा आवाज वाढतो, मग आपण वाढवतो, आणि सिग्नलला थांबलो की कळतं आपण वरात घेऊन चाललोय. बऱ्याच गाड्यांमध्ये वेगाप्रमाणे आवाज आपोआप कमी-जास्त व्हायची सेटिंग असते, ती मधल्या पातळीवर ठेवा. फोनच्या ॲपमध्ये सगळी गाणी सारख्याच आवाजात वाजवायची सेटिंग असते तीही चालू करा, म्हणजे एक गाणं पुटपुटणार आणि दुसरं अंगावर येणार असं होत नाही.

माझी कसोटी साधी आहे. काचा बंद, गाणं चालू, आणि इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली पाहिजे. नाही आली तर ॲम्ब्युलन्सही उशिराच ऐकू येईल.

इअरफोन नको. एका कानातलाही नको. अनेक देशांत त्यावर दंड आहे, पण दंड सोडा, मागून आवाज नेमका कुठल्या बाजूने येतोय हे कळायला दोन्ही कान मोकळे लागतात.

७. चालत्या गाडीत हात आणि तोंड

ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. स्क्रीनवर दोन सेकंद बघितलंत की ३० मीटरहून जास्त रस्ता न बघता गेला. म्हणून स्टीअरिंगवरची बटणं, आणि तीही न बघता अंगठ्याला सापडेपर्यंत उभ्या गाडीत सराव.

बोलून सांगितलं की झालं असं वाटतं ना? मलाही वाटायचं. २०१५ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनच्या सुरक्षा फाउंडेशनने अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात काही सिस्टीमला तोंडी हुकूम दिल्यावर ड्रायव्हरचं डोकं पूर्ण रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. ताशी ४० नेसुद्धा तेवढ्यात ३०० मीटर होतात. आणि आपले उच्चार तिला कळत नाहीत ते वेगळंच, मी आईला फोन लाव म्हणते आणि ती भलतंच गाणं लावते, मग तिच्याशी भांडण. गाणं आवडलं नाही? संपू द्या. चार मिनिटांचा प्रश्न असतो.

८. सोबत माणसं असतील तर

शेजारी बसलेल्याकडे कारभार द्या आणि परत मागू नका. मागे मूल झोपलं असेल तर सेटिंगमध्ये फेडर शोधा, आवाज फक्त पुढच्या स्पीकरवर आणता येतो. अवघड वळणावर "एक मिनिट, बंद कर" म्हटलं की कोणी का विचारायचं नाही, हा नियम निघतानाच सांगून टाका.

९. झोप येत असेल तर

गाणं मोठं करून, काच उघडून झोप जात नाही. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात १९९८ मध्ये रेनर आणि हॉर्न यांनी नेमकं हेच तपासलं होतं, थंड हवा आणि रेडिओ. फार तर थोडा वेळ निभावतं, तेवढ्यात थांबायला सुरक्षित जागा शोधायची. मग कॉफी आणि लगेच पंधरा मिनिटांची डुलकी, कॉफीला चढायला वेळ लागतो तोपर्यंत डुलकी होते. डुलकीला अलार्म मात्र लावा.

१०. पोचल्यावर

पार्किंगमध्ये रिव्हर्स घेण्याआधी आवाज पूर्ण बंद, पॉज नाही, बंद. आणि गोष्टीचा धडा अर्धा राहिला म्हणून इंजिन बंद करून गाडीत ऐकत बसणार असाल (सगळे बसतात) तर हेडलाइट आणि पंखा आधी बंद करा, सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालू असतं आणि जुनी बॅटरी पटकन मान टाकते. ती चौदा किलोमीटरवाली रहस्यकथा मी शेवटी अशीच, घराखाली अंधारात बसून संपवली. खुनी नोकर निघाला. सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं "टक". शेजाऱ्यांना उठवून जंप केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करायची जाड तार) लावावी लागली, तेव्हापासून डिकीत स्वतःची ठेवते, वरच्या यादीत तीही लिहून घ्या.